हवालदार काकांचं कार्ड

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. पुढची शाळा तीन किलोमीटरवर होती आणि मुलींना तेवढं लांब कोणी पाठवत नव्हतं. ही वही माझ्या मुलीची, पल्लवीची. पुढची पानं तिनं गणितानं भरली आहेत, म्हणून मी मागून सुरुवात केली. कोणाच्या हाती लागलीच तर त्यानं अक्षराला हसू नये. जे चार शब्द मला लिहिता येतात ते आमचे शेजारी हवालदार काका यांच्यामुळं येतात, आणि लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. झोपेतच गेले. सकाळी मी हाक मारली तर न उघडलेल्या पांघरुणाची घडी पायाशी नीट होती आणि चपला जोडीनं लावलेल्या होत्या. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिणार नाही. पेपरात येण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. सगळ्यात अवघड जे केलं ते मला आणि अजून एका बाईलाच माहीत आहे.

त्यांचं नाव तुळशीराम इंगोले. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडं जाताना जो फाटा लागतो त्याच्या आत आमचं गाव. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. काकू मी लग्न होऊन येण्याआधीच वारल्या होत्या. एक मुलगी, ती अकोल्याला दिलेली. काका फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हते. विमानातून जे जवान उडी मारतात त्यांच्या हवाई छत्र्यांच्या घड्या घालायचं त्यांचं काम. बावीस वर्षं तेच केलं. गावातली माणसं त्यांना मागून ‘घडीवाले हवालदार’ म्हणायची. एकदा कोणी तरी पारावर तोंडावरच म्हणालं, “फौजेत जाऊन धुण्याच्याच घड्या घातल्या ना हवालदार?” काका म्हणाले, “हो लेका. पण एक घडी चुकली असती तर तुले धुणं वर दिसलं असतं अन् धुण्यातला माणूस खाली.” तेव्हापासून त्या माणसानं तो विषय काढला नाही.

घडी घालायची सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. दुपट्टा, पेपर, सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी, काही हाती आलं की त्याची घडी व्हायची, आणि चारही कोपरे जुळायचे. मी वाळलेली चादर दोरीवरून काढायला लागले की भिंतीपलीकडून यायचे आणि दुसरी दोन टोकं धरायचे. बोलायचे नाहीत. माझाही स्वभाव बोलायचा नाही. नवीन लग्न झालेलं, या गावात मी कोणाशी मान वर करून बोलत नव्हते. त्या चादरींच्या घड्या घालता घालताच आमची ओळख झाली.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. “हात लाव, मंग बोल.” गॅस बंद केला का, असं विचारलं आणि मी जागेवरूनच हो म्हटलं की ते म्हणायचे, हात लाव, मंग बोल. मी उठून, बटणाला हात लावून, मग हो म्हणायचं. आणि एक शब्द त्यांना चालत नव्हता, तो म्हणजे ‘असंल’. कुलूप लावलं असंल. दोरी पक्की असंल. ते म्हणायचे, “माय, वाघ-साप कमी माणसं मारते. ‘असंल’ लय मारते.” ते मला माय म्हणायचे. आमच्याकडं लेकीला आणि सुनेला असंच म्हणतात.

नागपंचमीला आमच्या दारच्या कडुलिंबाला झोका बांधायचे. एका वर्षी माझ्या नवऱ्यानं बांधला. बायका-पोरी जमल्या, कोण आधी बसणार यावर ओढाताण सुरू झाली. तेवढ्यात काका आले. दोर वरपासून खालपर्यंत हातानं चाचपला, फांदीवर जिथं घासतो तिथं जुनं पोतं गुंडाळायला लावलं, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, “ज्यानं बांधला त्यानं आधी बसावं.” तो लाजून पळाला. बायकांचा झोका, त्यात पुरुष कसा बसेल? मग काकाच बसले. सत्तरीला आलेला माणूस, पांढरा शर्ट, पायात कापडी बूट, आणि झोक्यावर. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकांनी तीन झोके घेतले, उतरले, आणि “आता बसा” म्हणून निघून गेले.

नंतर चादर धरताना त्यांनी मला सांगितलं, की फौजेत घडी घालणाऱ्याला कधीही बोलवायचे. तुझ्या हातची कोणतीही एक छत्री उचल आणि विमानात बस. त्यामुळं प्रत्येक घडी आपणच उडी मारणार आहोत असं समजून घालावी लागायची. मी विचारलं, तुम्ही मारल्या का उड्या? म्हणाले, एकोणीस. भीती वाटली का? म्हणाले, एकोणीस वेळा.

माझं शिवणयंत्र माहेरून आलेलं. मी ब्लाऊज शिवायची. काका एक दिवस नायलॉनची जाड पट्टी घेऊन आले आणि म्हणाले, हे शिवता येते का पाह्य. फवारणी पंपाचा पट्टा होता. बाजारचे पट्टे एका हंगामात उसवतात, आणि भरलेला पंप एका खांद्यावर आला की औषध अंगावर सांडतं. काकांनी मला चौकट शिवून तिच्या आत फुली मारायची शिलाई शिकवली. छत्रीच्या पट्ट्यांना तशीच असते म्हणे. मग विहीर खोदणाऱ्यांचे कमरेचे पट्टे आले, मग झाडावर चढणाऱ्यांचे. काकांनी पेन्शनमधून जाड कामाचं जुनं यंत्र घेतलं आणि त्यांच्या ओसरीवर आमचं काम सुरू झालं. कापायचे ते, शिवायची मी, तपासायचे ते.

प्रत्येक पट्ट्याबरोबर पुठ्ठ्याचं एक कार्ड जायचं. त्यावर तीन ओळी. कापणाऱ्याची सही, शिवणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. तशीच नक्कल आमच्याकडच्या वहीत. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मला सही येत नाही, हात थरथरतो. ते म्हणाले, “शिवताना थरथरते का?” नाही म्हटलं. “मंग लिहितानाही नाई थरथरणार. ज्यानं शिवलं त्याचं नाव पायजे. पट्टा तुटला तर कोणाले विचारायचं?” मी ‘शोभा’ एवढं लिहिलं. मग हळूहळू आडनाव. मग तारीख, पट्टा कोणाचा, काय कामाचा. चौथीनंतर माझा हात पहिल्यांदा लिहिता झाला तो त्या कार्डांवर. गावातली माणसं थट्टा करायची, “पट्टा घ्याले गेलो अन् हवालदारानं सातबारा देला.” पण पट्टे न्यायची.

दिवस संपताना हत्यारं मोजायची. कात्री, दाभण, सुया, खडू, पट्टी, सगळी मिळून अकरा. एकदा दहाच भरली. एक मोठी सुई कमी. तीस पंपपट्टे तयार होते, सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. काकांनी सगळे तीसही पुन्हा उलगडायला लावले. मला रडू यायला लागलं. शेवटचा पट्टा उलगडला आणि काका माझ्याकडं बघत राहिले. सुई माझ्या पदराला टोचलेली होती. मला वाटलं रागावतील. पण ते खाली बसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मग म्हणाले, “स्वतःचं स्वतःले दिसत नाई माय. म्हणून तर दुसऱ्यानं पाहावं लागते.”

एक गोष्ट मी बरीच वर्षं बघत होते आणि विचारत नव्हते. त्यांच्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या वर, एक पांढरा रुमाल गाठ मारून ठेवलेला असायचा. महिन्याच्या एक तारखेला ते तो बाहेर काढायचे, गाठ सोडायचे, आतल्या नोटा मोजायचे, आणि परत गाठ मारायचे. जुन्या मोठ्या नोटा, कडा पिवळ्या पडलेल्या. एकदा मी दारात असताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि न विचारताच म्हणाले, “हे माहे नाईत. जिचे हायेत तिले देणं हाये.” कोणाचे, ते सांगितलं नाही.

ते कळलं माझ्या एका चुकीमुळं.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर मंगरूळला गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात आनंदमेळा लागला होता. आकाशपाळणा, मौत का कुआँ, आणि नवीनच एक खेळ. माणसाला छत्रीला बांधायचं, छत्रीचा दोर जीपला लावायचा, जीप पळवली की माणूस वर जातो, आणि चक्कर मारून खाली येतो. त्या खेळाचा मालक आमच्याकडं आला. माणसाला बांधायचे दोन पट्टे उसवले होते. काका तेव्हा मुलीकडं अकोल्याला गेले होते. तो घाईत होता, दुपारपासून लोक रांगेत उभे आहेत म्हणाला. मी पट्टे जुने काढले, नवे कापले आणि शिवले. शिलाई चांगली केली, खोटं सांगत नाही. मग तो म्हणाला, कार्ड द्या. इकडची माणसं हवालदाराचं कार्ड ओळखतात, ते टांगलं की निर्धास्त बसतील. छत्री त्यानं गाडीतच ठेवली होती. मी कार्डावर कापणारी म्हणून सही केली, शिवणारी म्हणून केली. तिसरी ओळ रिकामी दिसत होती. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. कोणी समोर उभं राहून मागितलं की माझी मान खाली जाते. मी तिसऱ्या ओळीतही ‘शोभा’ लिहिलं. मनात म्हटलं, छत्रीचं कापड चांगलंच असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले आणि सवयीप्रमाणं नकलेची वही उघडली. एकाच हाताच्या तीन सह्या त्यांनी पाहिल्या. मला वाटलं बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, “छत्रीले हात लावला का?” मी मान हलवली, नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली नव्हतीच, तशीच घेऊन ते बाहेर पडले आणि म्हणाले, “चाल.”

आम्ही बसनं मंगरूळला गेलो. मेळ्यात पोचलो तर खांबाला आमचं कार्ड दोऱ्यानं टांगलेलं, वाऱ्यानं फिरत होतं. मला ते लांबूनच दिसलं. रांगेत पहिली एक नवी नवरी उभी होती, हिरवा चुडा, सोबत नवरा. तिला पट्टे बांधणं चाललं होतं. काका सरळ आत गेले आणि जमिनीवर पसरलेल्या छत्रीशी गुडघ्यावर बसले. मालक ओरडला, बाबा, हात लावू नका. काकांनी छत्रीची एक फिकी पडलेली पट्टी दोन्ही अंगठ्यांत धरली आणि चोळली. कापडाचा भुगा बोटांना लागला.

“उन्हानं मेलं हे,” काका म्हणाले. “याले माणूस बांधू नको.”

मालकानं खांबाकडं बोट दाखवलं. “तुमच्याच दुकानाचं कार्ड आहे. तपासलं म्हणून सही आहे.”

“म्हणून तर आलो बापा,” काका म्हणाले. “नाई तर मी तुया मेळ्यात काहून आलो असतो?”

लोक जमले. काही काकांच्या बाजूनं, बरेचसे विरुद्ध. तिकीट काढलं आहे, म्हातारा मजा घालवतो आहे असं चाललं होतं. नवरीचा नवरा म्हणाला, कालपासून शंभर माणसं उडाली, काही झालं नाही. काका त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. रस्त्याला मार्केटकडं जाणारी सोयाबीनची ट्रॉली उभी होती. त्यांनी ट्रॉलीवाल्याला दोन पोती मागितली. नुकसान झालं तर बाजारभावानं मी भरून देतो म्हणाले. ट्रॉलीवाला हसला. “हवालदार, माह्या बापजाद्यात कोणी उडलं नाई, अन् सोयाबीन उडून राह्यलं.” पण पोती दिली. दोन पोत्यांचं वजन एका धट्ट्याकट्ट्या माणसापेक्षा थोडंच जास्त होईल. काका मालकाला म्हणाले, “हे वर जाऊन नीट खाली आले तर मी स्वतः बसतो, मंग पोरीले बसव.” इतकी माणसं बघत होती की मालकाला नाही म्हणता आलं नाही.

नवरीचे पट्टे सोडून ते पोत्यांना बांधले आणि जीप पळाली. छत्री फुगली आणि पोती वर गेली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. कडुलिंबाच्या झाडाएवढ्या उंचीवर गेली असतील. मग नवीन लुगडं फाडताना येतो तसा लांबलचक आवाज आला. छत्री मधून उभी फाटली. पोती सरळ खाली आली. एक धप्पकन आपटलं, दुसरं फुटलं. सोयाबीनचे दाणे उसळून लोकांच्या पायापर्यंत आले, नवरीच्या पायावर आले. ती जिथं उभी होती तिथंच खाली बसली. इतक्या माणसांत फक्त आकाशपाळण्याचं यंत्र वाजत होतं.

मी पळत पोत्यांकडं गेले. माझे दोन्ही पट्टे शाबूत होते. एक टाका हलला नव्हता. मी रडत होते आणि तरी काकांना पट्टा दाखवत म्हणाले, “काका, शिलाई टिकली.”

ते मला कधी इतके थकलेले दिसले नव्हते. म्हणाले, “टिकली माय. पट्टा टिकला अन् पोरगी गेली असती, तर कार्डावर काय लिहिलं असतं?”

बायकांनी पदरात दाणे वेचून पोत्यात भरले. मालकानं संध्याकाळच्या आत सामान आवरलं. काकांनी खांबावरचं कार्ड काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

आम्ही स्टँडवर बसची वाट बघत बसलो. मी म्हणाले, काका, मी आता शिवायचं सोडते. त्यांनी खिशातलं कार्ड काढून पाहिलं, परत ठेवलं. मग म्हणाले, “तू सोडू नको. मी नाई सोडलं. सोडलं असतं तर बरं झालं असतं का, ते मले आजवर समजलं नाई.” आणि त्यांनी देवीदासचं सांगितलं.

देवीदास राठोड, मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला. एवढ्या मोठ्या फौजेत या दोघांचीच बोली एक. तिकडं उत्तरेत, जिथं सगळे हिंदी बोलायचे, तिथं दोघं भेटले की कापसावर बोलायचे, पाऊस पडला का त्यावर बोलायचे. उडी मारायच्या दिवशी काकांना कधी कधी मैदानावर तपासणीला उभं करायचे. विमानात चढण्याआधी एकेकाला उलटं फिरवायचं, पाठीवरचा एकेक पट्टा हातानं धरून पाहायचा. पाठीवरून एक लांब पट्टी निघते, ती विमानातल्या तारेला अडकवतात. माणूस पडला की ती ओढली जाते आणि छत्री उघडते. ती खांद्यावरून मोकळी पाहिजे. जवानाला ती दिसत नाही, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

त्या दिवशी देवीदासची पाळी आली. उडी मारणारे खिसे रिकामे करतात. त्यानं रुमालात बांधलेले पैसे काकांच्या हातात दिले. पगार झाला होता, दुपारी आईला मनीऑर्डर करायची होती. तो म्हणाला, तांड्यावरून पत्र आलं, औंदा तूर चांगली आली. काका म्हणाले, तुये तर मजे हायेत लेका. तो हसून पाठमोरा झाला, आणि काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. जा, म्हणाले.

“थाप मारली माय,” काका मला म्हणाले. “दुसऱ्या सगळ्याइची पाठ तपासली. यानं पाठ केली तं मले वाटलं, गावचा पोरगा हाये. थाप मारून मोकळा झालो.”

ती लांब पट्टी खांद्याच्या पट्ट्याखालून गेली होती. पुढं विमानातही एकदा पाहतात, तिथंही ते राहून गेलं. छत्री अर्धीच निघाली आणि पिळली. पोटावरची दुसरी त्यानं उघडली, पण तोवर जमीन जवळ आली होती. चौकशी झाली. काकांनी घातलेली घडी बरोबर होती, कार्डावरची सही बरोबर होती. पाठीवरच्या थापेचं कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सुट्टीत ते रुमाल घेऊन तांड्यावर गेले. देवीदासच्या आईनं त्यांना जेवू घातलं. तिनं विचारलं, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? काकांच्या तोंडून निघालं, मी होतो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या माउलीनं काकांचा तो हात घेऊन डोळ्यांना लावला. मग रुमाल खिशातच राहिला. पैसे दिले असते तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि न सांगता दिले असते तर सगळं फिटलं असं झालं असतं. असं म्हणता म्हणता पस्तीस वर्षं गेली. आई वारली. घरात आता बहीण होती, सकुबाई, विधवा होऊन परत आलेली, हे त्यांना मानोऱ्याच्या बाजारात कळलं होतं.

बस लागली. मी आयुष्यात कोणाला सल्ला दिला नाही, मोठ्या माणसाला तर नाहीच. पण पायऱ्या चढताना मी म्हणाले, “काका, तांड्यावर मी येते सोबत.”

माघ महिन्यात एका दुपारी आम्ही गेलो. तांडा अर्धा रिकामा होता, दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. सकुबाईचं घर शेवटी. साठीच्या घरातली बाई, हातात जुन्या पांढऱ्या बांगड्या. काकांनी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. बाज टाकली, पाणी आणलं, आणि मला सांगायला लागली, “आई मरेपर्यंत याइचं नाव घे. म्हणे, माह्या लेकाच्या पाठीवर शेवटी आपल्या मुलखातल्या माणसाचा हात होता. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे.”

काका बाजेवर बसले नाहीत. पाण्याचा गिलास त्यांनी हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता नाही सांगणार. मी असते तर नसतं सांगितलं.

ते म्हणाले, “बाई, तो हात तपासाले ठेवाचा होता. मी थाप मारली.”

मग सगळं सांगितलं. थांबत थांबत, पण काही न गाळता. पट्टी कुठून जायला पाहिजे होती ते स्वतःच्या खांद्यावर बोट फिरवून दाखवलं. तुरीचंही सांगितलं. मग रुमाल बाजेवर ठेवला आणि म्हणाले, “हे त्याचे. तुमच्या आईले पाठवायचे होते.”

अंगणात एक कोंबडी फिरत होती, सकुबाई तिच्याकडं बघत होती. मग म्हणाली, “आई होती तवा सांगतलं नाई तुमी. बरं केलं का वाईट केलं, मले नाई समजत.”

“मलेही नाई समजत,” काका म्हणाले.

तिनं रुमालाची गाठ सोडली. गाठ इतकी जुनी होती की दातानं सोडवावी लागली. नोटा मांडीवर घेऊन एकेक करून मोजल्या, मग उलट्या बाजूनं पुन्हा मोजल्या. चारशे साठ. त्या जुन्या नोटा आता कोणी दुकानदार घेईल की नाही, हे ती बोलली नाही आणि आम्हीही बोललो नाही. तिनं रुमाल पदराच्या टोकाशी धरला आणि म्हणाली, “पुरे हायेत. आता आमचं तुमच्याकडं काई राह्यलं नाई.” तिनं ते रागानं म्हटलं की मायेनं, मी अजून ठरवू शकलेले नाही. मग थोड्या वेळानं, खाली बघतच, तिनं गिलास काकांकडं सरकवला. “पाणी प्या दादा. तसंच राह्यलं.”

काका बाजेवर बसले आणि दोन्ही हातांनी गिलास धरून पाणी प्यायले. लहान मूल पितं तसं, सगळं, एका दमात. मग त्यांनी खिशातून एक कोरं कार्ड काढून माझ्याकडं दिलं. म्हणाले, “माय, लिही.”

मी मांडीवर ठेवून लिहिलं. देवीदास राठोड यांचे रुपये चारशे साठ, त्यांची बहीण सकुबाई यांना पूर्ण मिळाले. देणाऱ्याच्या ओळीत काकांनी सही केली. घेणाऱ्याच्या ओळीत सकुबाईनं पेनाची शाई अंगठ्याला चोळून अंगठा उठवला. तिसरी ओळ माझी होती. मी सकुबाईकडं हात पुढं केला. तिनं नोटा माझ्या हातात दिल्या. मी एकेका नोटेला हात लावून त्या मोजल्या, तिच्या तिला परत दिल्या, आणि मग सही केली.